ओला अंगठा

पहिल्यांदा नोटांनी सांगितलं.
समडोळीच्या पतसंस्थेत, काउंटर नंबर दोन,
शंभराच्या बंडलात सदतीसवर अंगठा अडला.
जिभेला लावला, पुन्हा लावला.
जीभ म्हणजे उन्हात विसरलेली चपलेची पट्टी.
शाखाधिकारी चौगुल्यांनी न बोलता
ओल्या स्पंजची हिरवी डबी सरकवली माझ्याकडे.
एकोणीस वर्षं मी त्या डबीला हसत आले होते.

मग भडंग गेलं. मग भाकरी.
घास तोंडात फिरत राहायचा
पत्ता हरवलेल्या पाहुण्यासारखा,
आमटी आल्याशिवाय पुढे जायचा नाही.
बोटांचे सांधे सकाळी सुजलेले,
डोळ्यांत हळदीच्या बाजारातून आल्यासारखी कचकच,
आणि मी तर महिनाभर सांगलीला गेलेच नव्हते.

मिरजेत डॉक्टर शिकलगारबाईंनी हातात नळी दिली :
पंधरा मिनिटं, न गिळता, यात थुंका.
चारचौघांत कधी थुंकले नाही मी जन्मात.
नळीचा तळ जेमतेम भिजला,
त्यातही फेसच जास्त.
मग खालच्या ओठाच्या आतून
तांदळाच्या कणीएवढ्या चार ग्रंथी काढून घेतल्या.

रिपोर्टाच्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं :
चिंच दिसली की मज्जातंतू निरोप धाडतो,
पेशीच्या उंबऱ्यावर तो घेणारा एक हात असतो,
आत कॅल्शियम उसळतं,
मीठ सरकतं, मिठामागून पाणी,
आणि पाण्याची बारीक दारं
धावत पुढच्या भिंतीला येतात.
"तुमच्यात निरोप निघतो हो, मगदूमताई,
पण घेणारा हातच कुणीतरी दाबून धरलाय.
आणि ही दारं बघा, मागच्याच भिंतीला राहिलीत."
कुणी दाबलाय?
पेनानं त्यांनी ठिपके काढले, एका वाहिनीभोवती, पन्नासच्या वर.
"तुमच्याच रक्तातले राखणदार."

मी पाणी दुहेरी फडक्यातून गाळते.
फडक्यात राहिलेलं पुन्हा आडात सोडते,
न दिसणारा जीवसुद्धा मरू नये म्हणून.
मध नाही, दिवेलागणीनंतर थेंब नाही.
आणि आत, ओठाच्या अस्तरात,
चाललंय.

रागवायचं तरी कुणावर?
ते शत्रू समजून मारतायत.
मी त्यांना शत्रू दिसते कशी, एवढं मात्र
शिकलगारबाईंनाही सांगता आलं नाही.
"माहीत नाही अजून कुणालाच," म्हणाल्या,
पेनाला टोपण लावत.

जिनगोंडा रात्री उशाशी तांब्या ठेवतात,
वर वाटी पालथी. बोलत नाहीत.
मी हात लावत नाही.
टाळूला जीभ चिकटते,
पाकिटावरचं तिकीट सोडवावं तशी सोडवते, कूस बदलते.
सकाळी तो तांब्या ते जास्वंदीला ओततात,
तेही न बोलता.
जास्वंद यंदा फार फुललीय.

परवापासून गोळी सुरू झाली,
दिवसाउजेडीच्या जेवणाआधी.
आधी घाम फुटला, कपाळाला, मानेला,
निरोप शेजारच्या घरी गेल्यासारखा.
मग अंधार पडल्यावर, कुणी न बोलावता,
जिभेखाली काहीतरी हललं.
एक थेंब. कोमट, जरासा खारट.
मी तशीच बसून राहिले, ओठ मिटून.
गिळू की नको?

सकाळी बस्तीच्या पायरीवर माताजींना विचारलं :
रात्री तोंडात पाणी आलं तर व्रत मोडतं का?
पिंछी मांडीवर घेऊन त्या बराच वेळ हसल्या.
"बाई गं, कुणाच्या विहिरीचं होतं?"

आज बंडल मोजताना हिरवी डबी जवळच होती.
सदतीस. अडतीस. एकोणचाळीस.
एक्केचाळीसला
स्पंजला बोट लावलं.